आधी कुलूप, मग क्लाउड

सांगली-मिरज पट्ट्यात लग्नाच्या एका ऑर्डरीचा डेटा आता तीनशे जीबीच्या खाली क्वचितच येतो. साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, वर ड्रोन, आणि सगळं फोर-के. सीझन संपेपर्यंत माझ्या स्टुडिओतला आकडा टीबीत जातो. अल्बम दिला, पेन ड्राइव्ह दिला, बाकी जमा झाली की कागदोपत्री व्यवहार संपतो. पण चार वर्षांनी तीच पार्टी दारात उभी राहते. "ताई, आजोबा गेले. लग्नात ते माइकवर दोन शब्द बोलले होते, तेवढं मिळेल का?" अशा वेळी 'ते आपल्या बोलण्यात नव्हतं' असं म्हणायला या धंद्यात कुणाची जीभ रेटत नाही. म्हणून मिक्सिंग झाल्यावरही कच्चं फुटेज ठेवावं लागतं. नुसतं ठेवून भागत नाही, मागितल्यावर ते सापडलंही पाहिजे.

सुरुवातीला सगळे एकच करतात. एक हार्ड भरली की दुसरी आणायची, तिच्यावर स्केचपेननं महिने लिहायचे आणि ड्रॉवरमध्ये टाकायची. पाच-सहा हार्डडिस्क झाल्या की कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर, हे फक्त मिक्सिंग करणाऱ्या पोराला माहीत असतं, आणि तो पोरगा एक दिवस स्वतःचा स्टुडिओ काढतो.

यावर उपाय आहे डिस्कांचा पूल. एका डब्यात चार-पाच हार्डडिस्क बसवायच्या आणि कॉम्प्युटरला त्या सगळ्या मिळून एकच मोठं फोल्डर दिसेल अशी व्यवस्था करायची. लिनक्सवर हे काम मर्जर-एफएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं, विंडोजवर ड्राइव्हपूल. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोरेज स्पेसेसही आहे. अनेक स्वस्त डिस्क जोडून एक भरवशाची डिस्क करण्याची कल्पना त्याहून जुनी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ मध्ये ती 'रेड' या नावानं मांडली. मात्र रेडच्या बहुतेक प्रकारांत एकाच फाइलचे तुकडे सगळ्या डिस्कांवर पसरतात. मर्जर-एफएसमध्ये आणि ड्राइव्हपूलमध्ये प्रत्येक फाइल अख्खीच्या अख्खी कुठल्यातरी एका डिस्कवर असते. एखादी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तिच्यावरची लग्नं तशीच उघडतात, आणि एक गेली तर फक्त तिच्यावरचं जातं. चार टीबी, आठ टीबी अशा सरमिसळ आकाराच्या डिस्कही चालतात. माझ्यासारख्या छोट्या स्टुडिओला हेच बरं.

जोडीला मी स्नॅपरेड वापरते. त्यात एक जादा डिस्क पॅरिटीसाठी राखून ठेवावी लागते, आणि ती बाकीच्या सर्वांत मोठ्या डिस्कएवढी तरी हवी. तिच्यावर इतर डिस्कांच्या मजकुराचा हिशेब असतो. एक डिस्क मेली तर उरलेल्या डिस्क आणि हा हिशेब यांतून तिचा मजकूर पुन्हा उभा करता येतो. लग्नाचं कच्चं फुटेज एकदा उतरवलं की बदलत नाही, त्यामुळे ही पद्धत आमच्या कामाला चपखल बसते.

इथपर्यंत आलेले अनेकजण समाधानानं हात झटकतात. 'माझा बॅकअप आहे' असं सांगतात. तो बॅकअप नसतो. सगळ्या डिस्क एका डब्यात, डबा एका खोलीत, खोली एका प्लगवर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या आठवड्यानंतर गावात निगेटिव्ह, अल्बम आणि हार्डडिस्क उन्हात पसरून बसलेले व्यावसायिक मी पाहिले आहेत. पॅरिटीची डिस्कही त्याच डब्यात, म्हणजे त्याच पाण्यात. सगळ्या जगातले आयटीवाले आज जो ३-२-१ चा नियम सांगतात, तो रूढ केला पीटर क्रोग या आमच्याच धंद्यातल्या माणसानं. अमेरिकेतला हा छायाचित्रकार. डिजिटल फोटो कसे सांभाळावेत यावर त्यानं २००५ मध्ये पुस्तक लिहिलं. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पुराच्या गावात 'दुसऱ्या ठिकाणी' याचा अर्थ शेजारच्या गल्लीत असा होत नाही. म्हणून क्लाउड.

क्लाउड म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या गोदामात पेटी ठेवणं. गोदामवाला सज्जन असेल, पहारा चोख असेल. तरी पेटीला कुलूप आपलं हवं. माझ्याकडे मिक्सिंगला असलेला मुलगा विचारायचा, "ताई, लोकांच्या लग्नात कुणाला काय इंटरेस्ट?" मी त्याला एकेक मोजून दाखवलं. हळदीचे फोटो. नवरीच्या अंगावरचे दागिने जवळून घेतलेले. घराच्या आतल्या खोल्या. हॉल बुक करताना दिलेल्या ओळखपत्रांच्या प्रती. बारशाला आलेल्या, अंगावर कपडा नसलेल्या तान्ह्या बाळांचे फोटो. लोकांनी हे आपल्यासमोर उघडं ठेवलं ते आपल्यावरच्या विश्वासानं. तो विश्वास आपण परस्पर तिसऱ्याच्या हवाली करू शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानंही लोकांची माहिती बाळगणाऱ्यावर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे.

क्लाउड कंपन्या 'आमच्याकडे सगळं एन्क्रिप्टेडच असतं' असं सांगतात आणि ते खोटं नाही. पण त्या कुलपाची किल्ली बहुतेकदा त्यांच्याकडे असते. फाइल तुमच्या नावानं मागितली गेली की ती उघडून द्यायची सोय त्यांनी ठेवलेली असते, आणि त्यांची यंत्रं फाइली तपासतातही. अमेरिकेतल्या एका बापानं आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढले. ते आपोआप गुगलच्या साठ्यात गेले, यंत्रानं ते आक्षेपार्ह ठरवले आणि त्याचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही असं म्हटलं, तरीही खातं परत मिळालं नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं २०२२ मध्ये ही बातमी दिली होती. बारशाचे फोटो काढणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

आता कुलूप लावायचं कुठे? यात बरेच जण फसतात, कारण जागा तीन आहेत. एक, अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट करायची. विंडोजचं बिटलॉकर हे करतं. चोरानं डबा पळवला तर त्याला काही मिळत नाही. पण कॉम्प्युटर चालू असताना डिस्क उघडलेली असते आणि तिच्यावरून क्लाउडला जाणारी फाइल उघडीच जाते. म्हणजे चोरासाठी उत्तम, क्लाउडसाठी शून्य उपयोग. दोन, सगळा मजकूर एका अवाढव्य बंद फाइलमध्ये घालून ती चढवायची. आत एक फोटो बदलला तरी चढवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी ती अख्खी फाइल बदललेली असते, आणि काही टीबी पुन्हा चढवायचे म्हणजे कल्याणच. तीन, प्रत्येक फाइल आपल्या कॉम्प्युटरवरून बाहेर पडतानाच वेगळी बंद करायची. मी हेच करते. आरक्लोन नावाचं मोफत, सर्वांना वाचता येईल अशा कोडचं सॉफ्टवेअर आहे. निक क्रेग-वुड यांनी ते लिहिलं. त्याच्यातल्या 'क्रिप्ट' या भागाकडे पूलचं फोल्डर सोपवलं की एका बाजूनं लग्नं आत जातात आणि दुसऱ्या बाजूनं निरर्थक अक्षरांच्या नावांच्या, कुणालाही न उघडणाऱ्या फाइली क्लाउडवर पडतात.

आत काय घडतं? फाइलचे ६४ केबीचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा वेगळा बंद होतो आणि त्याला १६ बाइटची एक मोहर लागते. त्या तुकड्यात नंतर कुणी एक बिट जरी हलवला तरी मोहर जुळत नाही आणि सॉफ्टवेअर तो उघडायला नकार देतं. या मोहरांमुळे १० टीबीमागे वाढ होते अवघी अडीच जीबी. आपण दिलेल्या पासवर्डपासून खरी किल्ली बनवण्याचं काम 'एस-क्रिप्ट' ही पद्धत करते. कॉलिन पर्सिव्हल यांनी ती २००९ मध्ये स्वतःच्या ऑनलाइन बॅकअप सेवेसाठीच तयार केली होती. तिची खुबी अशी, की ती मुद्दाम मंद आहे आणि मुद्दाम भरपूर मेमरी खाते; आपल्याला एकदाच थांबावं लागतं, पण कोट्यवधी पासवर्ड आजमावून पाहणाऱ्याला ते परवडत नाही. ही सगळी कृती जाहीर आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय, की किल्ली सोडून बाकी सगळं शत्रूच्या हाती पडलं तरी पद्धत टिकली पाहिजे. 'आमची पद्धत गुप्त आहे' असं सांगून सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवते.

काही गोष्टी झाकल्या जात नाहीत, हेही सांगायला हवं. फाइलचा आकार आणि ती कधी चढली हे क्लाउडवाल्याला दिसतं. शिवाय सोय जाते. बंद फाइलीचे छोटे फोटो क्लाउडवर दिसत नाहीत, शोध चालत नाही, पार्टीला लिंक पाठवता येत नाही. निवडीचे फोटो पाठवण्यासाठी मी वेगळं, साधं खातं ठेवते आणि काम झालं की ते रिकामं करते.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. क्रिप्टच्या नेहमीच्या पद्धतीत नावाची मर्यादा साधारण १४३ बाइटची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. 'क्षी' या एका अक्षराचे बारा बाइट होतात. म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं. 'चि. सौ. कां.'पासून 'शुभविवाह सोहळा क्षणचित्रे'पर्यंत सगळं एका फाइलच्या नावात कोंबलं तर ती फाइल चढतच नाही. आम्ही तारीख, आडनाव आणि गाव एवढंच ठेवलं. मर्यादा प्रत्येक फोल्डरच्या नावाला वेगळी असते, त्यामुळे फोल्डरात फोल्डर करायला हरकत नाही.

डिस्क स्वतंत्र चढवायच्या की पूल? पूलच. जागेचा समतोल साधायला कधी एखादं लग्न दुसऱ्या डिस्कवरून चौथ्या डिस्कवर हलवावं लागतं. डिस्क वेगवेगळ्या चढवत असाल तर सॉफ्टवेअरला वाटतं, इथलं पुसलं गेलं आणि तिथे नवीन आलं. तीनशे जीबी पुन्हा चढतात. पूलमध्ये मात्र त्या लग्नाचा पत्ता तोच राहतो, त्यामुळे आरक्लोनला काही बदललेलं दिसत नाही.

पण पूलचा एक मोठा धोकाही इथेच आहे. आरक्लोनमध्ये 'कॉपी' आणि 'सिंक' असे दोन हुकूम आहेत. कॉपी नवीन आणि बदललेलं चढवतो, पण तिथलं काही पुसत नाही. सिंक दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतो, म्हणजे इथे जे नाही ते तिथूनही पुसतो. नीटनेटकेपणाची आवड असलेल्यांना सिंक भुरळ घालतो. आता समजा, एका डिस्कची केबल सैल झाली. पूल बंद पडत नाही. उरलेल्या डिस्कांवरचं दाखवत तो शांतपणे चालू राहतो. आमच्याकडे वीज येऊन-जाऊन झाल्यावर हे एकदा झालं. सकाळी फोल्डर उघडलं तर चौथा हिस्सा लग्नं जणू लागलीच नव्हती. आमचा रात्रीचा हुकूम कॉपीचा होता, त्यामुळे क्लाउडवर काहीच हललं नाही; केबल घट्ट केली, सगळं जागेवर आलं. सिंक असता तर त्या रात्री क्लाउडवरचीही तेवढी लग्नं पुसली गेली असती, आणि तेही हुकुमाबरहुकूम. स्नॅपरेड अशा वेळी अडून बसतं. एखादी डिस्क अख्खी रिकामी दिसली तर मालकानं ठणकावून सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तशी शंका आरक्लोनला स्वतःहून येत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवली आहे, प्रत्येकीचं नाव वेगळं. रात्रीचं काम सुरू होण्याआधी स्क्रिप्ट पूलमध्ये त्या सगळ्या खुणा शोधते. एक जरी नसली तरी काम थांबतं आणि मला मेसेज येतो. ज्यांना सिंकच वापरायचा आहे त्यांनी एका वेळी किती फाइली पुसायच्या याची मर्यादा घालावी आणि पुसलेलं थेट फेकून न देता वेगळ्या फोल्डरात जाईल असं सांगावं. आरक्लोनमध्ये दोन्ही सोयी आहेत. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला तरी हेच फोल्डर कामाला येतं, नाहीतर बिघडलेल्या फाइली इमानेइतबारे चांगल्यांच्या जागी जाऊन बसतात.

वेळेचा हिशेब आधी करा. इंटरनेटवाले डाउनलोडचा वेग मोठ्या अक्षरात छापतात. आपल्याला हवा अपलोडचा. ४० एमबीपीएसच्या अपलोडनं ८ टीबी चढवायला न थांबता साडेअठरा दिवस लागतात. गुगल ड्राइव्हवर तर एका खात्यातून दिवसाला ७५० जीबीपेक्षा जास्त चढवता येत नाही. पहिली भरती पावसाळ्याआधी उरकावी, कारण रस्ता खणला की फायबर तुटतं. चढून झालेल्या फाइली आरक्लोन पुन्हा पाठवत नाही, पण अर्ध्यावर तुटलेली मोठी फाइल पहिल्यापासून सुरू होते. दिवसा वेग आवळून रात्री मोकळा सोडायची सोयही त्यात आहे. ती वापरली नाही तर दिवसभर बिलाची पावती निघायला वेळ लागतो आणि घरातले शिव्या घालतात.

पैशांबद्दल थोडंच. 'अमर्याद' हा शब्द दिसला की सावध व्हावं. अमेझॉननं २०१५ मध्ये अमर्याद साठा देऊ केला, २०१७ मध्ये ती योजना गुंडाळली आणि २०२३ च्या शेवटी अमेझॉन ड्राइव्हच बंद केलं. त्याच वर्षी ड्रॉपबॉक्सनंही आपली अमर्याद योजना थांबवली. जीबीमागे रोख भाडं घेणारी सेवा महाग वाटली तरी बरी. सर्वांत स्वस्त 'डीप आर्काइव्ह' छापाचा साठा घ्यायचा तर त्यातून फाइल परत मिळायला १२ ते ४८ तास लागतात आणि बाहेर काढण्याचे पैसे वेगळे पडतात, हे आधी वाचून घ्या.

आणि क्लाउड आहे म्हणून घरचा डबा विकू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळून खाक झालं. काही गिऱ्हाइकांचा बॅकअपही त्याच जागेत होता. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचा खासगी क्लाउड गुगलच्या चुकीनं पुसला गेला. फंड सावरला, आणि दुसऱ्या कंपनीकडेही ठेवलेला बॅकअप त्यात कामी आला.

उरली किल्ली, आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचार होतो तो तिचाच. ईमेलचा पासवर्ड विसरला तर 'विसरलात का?' असं विचारणारी ओळ असते. इथे ती नाही. आरक्लोनची सेटिंगची फाइल आणि क्रिप्टला दिलेले दोन्ही पासवर्ड गेले, तर क्लाउडवर सुखरूप असलेला प्रत्येक टीबी कचरा आहे आणि त्याचं भाडं आपण भरतोय. उलट ती सेटिंगची फाइल दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तरी पंचाईतच, कारण तिच्यातले पासवर्ड फक्त वेष बदलून लिहिलेले असतात, खरोखर बंद केलेले नसतात. त्या फाइललाही वेगळा पासवर्ड लावता येतो, लावाच.

हे सगळं मी कागदावर उतरवलं. दोन्ही पासवर्ड, सेटिंगच्या फाइलचा पासवर्ड, सॉफ्टवेअरचं नाव, नावं झाकायची कुठली पद्धत निवडली ती, क्लाउडच्या खात्याचं नाव. शिवाय त्या खात्यानं दिलेले राखीव लॉगिन कोड, कारण पुरात फोनही जातो आणि मग ओटीपी येणार कुठे? पासवर्ड रोमन लिपीत, शून्य आणि ओ ओळखू येतील असे लिहिले आणि कागद लॅमिनेट केला. एक प्रत घरात वरच्या मजल्यावर, दुसरी सोलापूरला माहेरी आईच्या कपाटात. आईला त्यात काय आहे ते कळत नाही. पण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. मिक्सिंगच्या मुलालाही सांगून ठेवलंय, की मी हाताशी नसले तर कागद कुठे मिळेल.

चढवलेलं बरोबर चढलं का, हे तपासायला आरक्लोनमध्ये 'क्रिप्ट-चेक' आहे. ते सगळं उतरवून न घेता इथल्या फाइली त्याच रीतीनं पुन्हा बंद करून पाहतं आणि क्लाउडवरच्या खुणांशी ताडून बघतं. ते महिन्यातून एकदा चालवावं. पण त्यानं कागदाची परीक्षा होत नाही. त्यासाठी या आठवड्यात एवढं करा. ज्यावर यातलं काहीच नाही असा कुणाचा तरी लॅपटॉप घ्या, नुसता तो कागद समोर ठेवा आणि कुठलंही एक जुनं लग्न उतरवून उघडून दाखवा. ते उघडेपर्यंत आपल्याकडे बॅकअप आहे असं पार्टीला सांगू नका.